जमैकातलं फाल्मथ: जहाजातून उतरलात की बस पकडू नका, गावात शिरा

सागरगोटा

कॅरिबियन क्रूझवर इथे ढिगाने धागे आहेत. सगळ्यांत चर्चा एकच: केबिन कुठली घ्यावी, बफेला रांग किती, वायफायचे पैसे किती. जहाज ज्या गावात थांबतं त्या गावाबद्दल कोणी चार ओळी लिहीत नाही. फाल्मथ तर "तिथे काही नाही, सरळ धबधब्याची बस पकडा" एवढ्यात निकालात निघतं. म्हणून हा धागा. तिथे काय आहे ते सांगतो, मग ठरवा.

फाल्मथ जमैकाच्या उत्तर किनाऱ्यावर आहे, माँटेगो बेपासून साधारण ३५ किलोमीटर पूर्वेला. ट्रेलॉनी परगण्याचं हे मुख्य गाव. १७६९ मध्ये आखून वसवलं. तेव्हाचा गव्हर्नर सर विल्यम ट्रेलॉनी. परगण्याला त्याचं नाव मिळालं आणि गावाला इंग्लंडमधल्या त्याच्या जन्मगावाचं. आसपासच्या ऊसमळ्यांची साखर आणि रम इथून जहाजांत चढायची, आणि आफ्रिकेतून धरून आणलेली माणसं इथे उतरायची. अठराव्या शतकाच्या शेवटी बंदरात एका वेळी तीस-तीस शिडाची जहाजं उभी असत, असं सांगतात.

तुमचं जहाज लागतं तो धक्का मात्र २०११ चा. उतरल्यावर कुंपणाच्या आत दुकानं: हिरे, घड्याळं, रम, टी-शर्ट. बाकीच्या बंदरांत बघितलीत तीच. जहाजातली बहुतेक मंडळी इथेच रेंगाळतात किंवा इथूनच बसमध्ये बसून तासाभराच्या अंतरावरच्या धबधब्याला जातात. तुम्ही सरळ फाटकाबाहेर पडा. टॅक्सीवाले गराडा घालतील. "नो थँक यू, वॉकिंग" म्हणायचं आणि चालत राहायचं. पाचेक मिनिटांत वॉटर स्क्वेअर येतो.

या चौकात पूर्वी गावाची पाण्याची टाकी होती. मार्था ब्रे नदीवर मोठा रहाट बसवला होता, त्याने उपसलेलं पाणी इथे यायचं आणि नळाने गावात जायचं. काळ १७९९ च्या आसपासचा. न्यूयॉर्कच्या आधी आमच्याकडे नळ आला, हे तिथला माणूस तुम्हाला न विचारता सांगतो. टाकीच्या जागी आता कारंजं आहे. चौकाच्या एका बाजूला अल्बर्ट जॉर्ज मार्केट, १८९४ चं, व्हिक्टोरिया राणीच्या दोन नातवांच्या नावाचं. आत हस्तकलेची दुकानं आहेत. नाही पाहिलं तरी चालेल.

बघायचे ते रस्ते आणि घरं. मार्केट स्ट्रीट, ड्यूक स्ट्रीट, सीबोर्ड स्ट्रीट. ब्रिटनबाहेर जॉर्जियन काळातली (जॉर्ज नावाच्या इंग्लंडच्या राजांच्या काळातली) इतकी घरं एका जागी क्वचितच सापडतात. खालचा मजला चुनखडीच्या दगडाचा किंवा विटांचा, वरचा लाकडाचा. वरचा मजला फुटपाथवर पुढे काढलेला आणि खांबांवर तोललेला, त्यामुळे पाऊस असो की ऊन, सावलीतून चालता येतं. खिडक्यांना काचा कमी आणि लाकडी झडपा जास्त. ड्यूक स्ट्रीटजवळच्या एका घरासमोर मी बराच वेळ उभा होतो. वरच्या खिडकीच्या झडपांच्या निम्म्या पट्ट्या गळून गेल्या होत्या, तिथे पत्र्याचे तुकडे ठोकलेले. निळा रंग निघून खालचा हिरवा दिसत होता आणि हिरव्याखाली पिवळा. तळमजल्यावर मोबाईल रिचार्जचं दुकान, दारात एक आजी प्लास्टिकच्या टोपलीतून शेंगदाण्याच्या पुड्या विकत होत्या. घरावर ना पाटी, ना तिकीट.

हे सगळं टिकलं कसं? सरळ उत्तर आहे: गावाकडे पैसा राहिला नाही. गुलामगिरी संपली, साखरेचा भाव पडला. वाफेच्या मोठ्या बोटींना खोल बंदर हवं होतं, ते इथे नव्हतं. किंग्स्टनहून माँटेगो बेला रेल्वे गेली ती फाल्मथला बाजूला ठेवून. जुनं पाडून नवं बांधायला पैसा लागतो, तो कोणाकडे नव्हता. १९९६ मध्ये गावाला राष्ट्रीय वारसा म्हणून संरक्षण मिळालं, पण त्याआधीची शंभर वर्षं ही घरं निव्वळ गरिबीने राखली. काही घरं मात्र तशीही टिकली नाहीत. मार्केट स्ट्रीटच्या टोकाला बॅरेट हाउस आहे. बॅरेट म्हणजे ज्यांच्या जमिनीवर गाव वसलं ते मळेवाले. त्या घराचा वरचा लाकडी मजला केव्हाच गेला, खालचं बांधकाम उरलंय.

सीबोर्ड स्ट्रीटवर समुद्राकडे तोंड करून कोर्टाची इमारत आहे. मूळ १८१५ ची, १९२६ मध्ये जळली, पुन्हा बांधली. दोन्ही बाजूंनी चढणारा जिना आणि चार जाडजूड खांब. फोटो सगळे इथेच काढतात. सेंट पीटर्स चर्च १७९०च्या दशकातलं. त्याच्या आवारातल्या थडग्यांवरचा मजकूर वाचत बसा, तापाने तिशी-पस्तिशीत गेलेले इंग्रज किती होते ते कळतं.

आणि काहीही झालं तरी विल्यम निब यांच्या नावाचं बाप्टिस्ट चर्च चुकवू नका. निब हे मिशनरी १८२५ मध्ये जमैकात आले, पुढे फाल्मथला स्थिरावले आणि गुलामगिरीविरुद्ध उघड उभे राहिले. ३१ जुलै १८३८ च्या रात्री सुटकेची घटका जवळ आली, तेव्हा इथे हजारो लोक जमले होते. मध्यरात्री एका शवपेटीत साखळदंड, चाबूक आणि गळ्यात अडकवायची लोखंडी कडी घातली आणि ती पेटी रीतसर पुरली. चर्चमध्ये या प्रसंगाचं दृश्य कोरलेली संगमरवरी पाटी आहे. आजची इमारत नंतरची आहे, १९४४ च्या वादळात जुनी पडली. दार बंद असेल तर आवारात कोणाला तरी नम्रपणे विचारा, बहुधा उघडून देतात. दानपेटीत काहीतरी टाका.

एवढं सगळं रमतगमत तीन तासांत होतं. प्रश्न असतील तर विचारा.

अर्धीओव्हर

झकास. पण साहेब, ट्रेलॉनी म्हटल्यावर क्रिकेट कसं विसरलात? फाल्मथच्या बाहेर ग्रीनफिल्डला स्टेडियम आहे, २००७ च्या विश्वचषकासाठी चिनी मदतीने बांधलेलं. ११ मार्च २००७ चा उद्घाटन सोहळा तिथेच झाला. त्याच्या दोन दिवस आधी तिथेच आपण सराव सामन्यात वेस्ट इंडिजला लोळवलं होतं. मग आठवड्याभराने पोर्ट ऑफ स्पेनला बांगलादेशने काय केलं ते इथे लिहीत नाही, धागा चांगला चाललाय.

अवांतर: उसेन बोल्ट याच परगण्यातला, शेरवूड कंटेंट गावचा. त्याची शाळा म्हणजे विल्यम निब मेमोरियल हायस्कूल. बेन जॉन्सनचा जन्मही फाल्मथचाच. १९८८ ला सोल ऑलिंपिकमध्ये सुवर्ण जिंकून उत्तेजक घेतल्यामुळे तीन दिवसांत परत करावं लागलेला तोच. एवढ्याशा परगण्यातून शंभर मीटरचे दोन जगज्जेते, त्यातला एक टिकला.

बोस्टनची_बोरं

छान माहिती. सासूबाई-सासरे येतायत, दोघंही सत्तरीपुढचे. चालणं झेपेल का? आणि जमैका म्हटलं की घरात सगळे घाबरवतात. सुरक्षित आहे का?

सागरगोटा

@बोरं, गाव सपाट आहे. चढ नाही, पण फुटपाथ उखडलेले आहेत आणि बाजूची गटारं काही ठिकाणी उघडी. चप्पल नको, बूट घाला. ऊन मात्र सडकून असतं. सकाळी आठ-साडेआठला बाहेर पडा आणि अकराच्या आत परत या. सगळं नको असेल तर वॉटर स्क्वेअर, कोर्ट आणि निब चर्च एवढंच करा, आजी-आजोबांना पुरे.

सुरक्षिततेचं म्हणाल तर दिवसा, जहाज लागलेलं असताना, मुख्य रस्त्यांवर मला काळजी वाटली नाही. दागिने जहाजावरच ठेवा. एक गोष्ट लक्षात ठेवा, तिथे काहीही विचारण्याआधी "गुड मॉर्निंग" म्हणायचं. आपण जसं थेट "अहो, हे कुठे आहे?" विचारतो तसं विचारलं तर चेहरे आक्रसतात. गुड मॉर्निंग म्हटलंत की तोच माणूस चार पावलं बरोबर येऊन रस्ता दाखवतो.

आणि मिलिटरी छापाची टोपी, पँट, बॅग अजिबात नेऊ नका. सामान्य नागरिकाने असे कपडे घालायला जमैकात कायद्याने बंदी आहे.

खारट_मनुका

माझं मत थोडं वेगळं. आम्हीही गावात गेलो होतो. निम्मी घरं पडायला आलेली, काहींवर झाडं उगवलेली. दर दहा पावलांवर कोणीतरी वेणी घालून देतो, टूर देतो, गांजा देतो म्हणत मागे. मुलं कंटाळली. वारसा वगैरे ठीक आहे, पण सुट्टीला गेलेल्या माणसाला समुद्र हवा असतो. सगळ्यांनी गावातच जावं हा आग्रह कशाला?

सागरगोटा

@मनुका, आग्रह नाही, पण "तिथे काही नाही" हे खरं नाही एवढंच म्हणणं. मागे लागणाऱ्यांचा त्रास आहे, मान्य. तो फाटकाजवळ सगळ्यात जास्त असतो, दोन गल्ल्या आत गेलं की संपतो. त्यांची बाजूही बघा. गावाला सांगितलं होतं की धक्का होऊ द्या, हजारो पर्यटक येतील. पर्यटक आले, पण त्यांचे पैसे कुंपणाच्या आत आणि बसच्या तिकिटात गेले. फाटकाबाहेर जे मूठभर येतात त्यांच्यावरच सगळ्यांची नजर, मग गराडा पडणारच. मुलांना समुद्र हवाय तर बरवूडचा किनारा जवळच आहे. सकाळी गाव, मग टॅक्सीने किनारा, असंही जमतं. टॅक्सी लाल नंबरप्लेटचीच घ्या आणि भाडं बसण्याआधी ठरवा.

जुना_दस्तऐवज

लेख आवडला, पण निब यांच्या भागाला एक जोड हवी. तुम्ही लिहिलंय त्यावरून एका गोऱ्या पाद्र्याने गुलामांना सोडवलं असं वाटू शकतं. क्रम असा आहे: डिसेंबर १८३१ मध्ये, नाताळच्या सुट्टीत, पश्चिम जमैकात गुलामांनी काम नाकारलं आणि त्याचं बंड झालं. नेता सॅम शार्प, स्वतः गुलाम आणि बाप्टिस्ट चर्चचा डीकन, म्हणजे पाद्र्याचा मदतनीस. साठ हजारांच्या आसपास माणसं त्यात उतरली असं मानतात. मळे जळले. बंड चिरडलं, तीनशेहून अधिक लोकांना मृत्युदंड दिला. शार्पला २३ मे १८३२ ला माँटेगो बेमध्ये फाशी झाली. आज तो जमैकाचा राष्ट्रीय वीर आहे.

बंडाचा राग मळेवाल्यांनी मिशनऱ्यांवर काढला. निब यांना अटक झाली, फाल्मथचं त्यांचं प्रार्थनाघर पाडलं. त्यानंतर ते इंग्लंडला गेले आणि संसदेच्या समित्यांपुढे साक्ष दिली. म्हणजे आधी बंड, मग साक्ष, मग १८३३ चा कायदा. त्या कायद्याने १ ऑगस्ट १८३४ ला गुलामगिरी कागदावर संपली, पण "उमेदवारी"च्या नावाखाली चार वर्षं तेच काम चालू राहिलं. म्हणून शवपेटी १८३८ ची आहे, १८३४ ची नाही.

आणि दोन कोटी पौंडांची भरपाई दिली ती मालकांना. सुटलेल्या माणसांना दमडी नाही.

आता घरांकडे या. सीबोर्ड स्ट्रीटवर थार्प हाउस आहे. जॉन थार्प हा तिथला बडा मळेवाला, त्याच्या मालकीचे गुलाम अडीच हजारांहून जास्त होते. ती कमान, तो जिना, ती लाकडी नक्षी बघताना हा आकडा डोक्यात ठेवावा. बांधणारे हातही बहुतेक गुलामांचेच: सुतार, गवंडी, लोहार. घरं सुंदर आहेतच, पण ती "जॉर्जियन" म्हणून मोकळं होणं मला पटत नाही.

सागरगोटा

@दस्तऐवज, जोड हवीच होती. संगमरवरी पाटीबद्दल एवढंच घालतो, ती गुलामगिरीतून सुटलेल्यांनी स्वतः उभारली आहे आणि पाटीवर तसं लिहिलेलं आहे.

फणसाची_आठळी

खाण्याबद्दल अवाक्षर नाही? हा कसला मराठी धागा!

मी सांगते. जमैकात नीरफणस भरपूर. हो, आपल्या कोकणातला, काप करतो तोच. ते लोक अख्खा फणस निखाऱ्यावर भाजतात, साल काळी कुळकुळीत होईपर्यंत. मग साल सोलून आतल्या गराच्या फोडी करतात. धुराचा वास, आतून मऊसूत. हा फणस तिथला नव्हे. १७९३ मध्ये कॅप्टन ब्लायने ताहितीहून रोपं आणली, मळ्यावरच्या गुलामांना स्वस्तात पोट भरेल असं खाणं हवं म्हणून. सुरुवातीला लोकांनी तो डुकरांना घातला म्हणतात.

आंबा त्याच्याही आधीचा. १७८२ मध्ये ब्रिटिशांनी एक फ्रेंच जहाज पकडलं, त्यावर आंब्याची रोपं होती, ती जमैकात लागली. आज तिथे "बॉम्बे" नावाची जात मिळते! खायची पद्धत बघण्यासारखी आहे. आंब्याला मधोमध सुरीने गोल चीर देतात, दोन्ही अर्धे उलट दिशांना पिळतात, एक वाटी कोयीसकट आणि एक मोकळी हातात येते. मग चमच्याने खायचं. मे-जूनमध्ये गेलात तर सोडू नका. हापूसशी तुलना मी करणार नाही, इथे मारामारी होईल.

शाकाहारींसाठी: रास्ताफारी (जमैकातला एक धर्मपंथ) लोकांची "आयटल" पद्धतीची खानावळ शोधा. मांस नाही, मीठही नाही किंवा अगदी थोडं. नारळाच्या दुधातल्या भाज्या, डाळी, भोपळा. आपल्या जिभेला अळणी लागेल, लोणच्याची पुडी खिशात ठेवा. बेकरीत व्हेज पॅटी मिळते, ती कोको ब्रेडमध्ये घालून खातात. अ‍ॅकी हे त्यांचं लाडकं फळ, दिसायला शिजलेल्या अंडाभुर्जीसारखं. ते खाऱ्या माशाबरोबर करतात, मासा नको म्हणून आधी सांगा. कच्चं अ‍ॅकी विषारी असतं, झाडावर आपोआप उकललेलंच चालतं. तेव्हा बाजारातून विकत घेऊन स्वतः प्रयोग नकोत.

पावसाळी_छत्री

@आठळी, तोंडाला पाणी सुटलं. तिथे रोटी, करी गोट वगैरे असतं ते आपल्या लोकांमुळेच ना? मराठी माणसं गेली होती का?

जुना_दस्तऐवज

हो, गिरमिटियांमुळे, म्हणजे करारावर नेलेल्या भारतीय मजुरांमुळे. पहिलं जहाज 'ब्लंडेल हंटर', १० मे १८४५ ला ओल्ड हार्बर बेला लागलं. ते दक्षिण किनाऱ्यावर, फाल्मथला नव्हे. १९१७ पर्यंत ३६ हजारांहून जास्त लोक आले. भरती प्रामुख्याने कलकत्ता बंदरातून, माणसं बहुतेक आजच्या उत्तर प्रदेश-बिहारची, थोडी मद्रासकडची. मराठी मुलखातून अशी भरती झाली ती मुख्यतः मॉरिशसला. गुलाम सुटले, मजुरी मागू लागले, मळेवाल्यांना स्वस्त हात हवे होते, म्हणून हे लोक आणले. गोष्ट तीच, पुढचं प्रकरण.

पुणेरी_पंचा

भारतातून थेट यायचं तर व्हिसाचं काय? एवढ्या लांब तीन तासांच्या गावासाठी कोणी येणार नाही, हे नमूद करतो.

टेक्सासचा_तात्या

भारतीय पासपोर्टवर थोड्या दिवसांच्या पर्यटनासाठी जमैकाचा व्हिसा आधी काढावा लागत नाही. खरी अडचण वाटेची आहे. थेट विमान नाही, बहुधा अमेरिका, कॅनडा किंवा ब्रिटनमार्गे यावं लागतं, त्या देशाचा व्हिसा बघा. निघण्याआधी जमैकाच्या उच्चायुक्तालयाच्या संकेतस्थळावर नियम तपासा.

अमेरिकेत एच-वन-बीवर (नोकरीच्या व्हिसावर) असाल आणि क्रूझ फ्लोरिडातून निघत असेल तर पासपोर्टातला व्हिसाचा स्टॅम्प चालू हवा. मेक्सिको-कॅनडाला जाऊन संपलेल्या स्टॅम्पवर परत येण्याची जी सवलत मिळते ती या बेटांसाठी एच-वन-बीला लागू नाही. याच चुकीत लोक बंदरावर रडताना पाहिलेत.

आणि घड्याळ! जमैकात उन्हाळ्यात वेळ पुढे करत नाहीत. मार्च ते नोव्हेंबर फ्लोरिडा त्यांच्यापेक्षा तासभर पुढे असतं. जहाज स्वतःच्या वेळेने चालतं. फोन आपोआप स्थानिक वेळ घेतो आणि तुम्ही निवांत पॅटी खात बसता. हातात साधं घड्याळ घाला, जहाजाची वेळ लावून.

समुद्रकाठची_शेवंती

जहाजाने न जाता राहायला गेलात तर एक गोष्ट मिळते जी क्रूझवाल्यांना बहुधा कधीच मिळत नाही. गावाच्या पूर्वेला रॉक म्हणून भाग आहे, मार्था ब्रे नदी समुद्राला मिळते तिथलं खाजण. रात्री त्यातलं पाणी चमकतं. सूक्ष्मजीवांमुळे होतं ते, पाणी ढवळलं की उजळतात. गोडं पाणी वर आणि खारं खाली अशा थरांत ते फार वाढतात. नावेतून नेतात आणि पाण्यात उतरूही देतात. हात हलवला की बोटांतून निळसर उजेड गळतो. पौर्णिमेच्या आसपास जाऊ नका, चांदण्यात काही दिसत नाही. मोबाईलच्या कॅमेऱ्यातही नीट येत नाही, आधीच सांगते. जहाजं संध्याकाळच्या आत निघून जातात, तेव्हा यासाठी मुक्काम हवा.

मार्था ब्रेवर दिवसा बांबूच्या लांब तराफ्यावरून नेतात. दोनच माणसं बसतात, पुढे उभा राहून एकजण काठीने ढकलतो. शांत प्रकार आहे, मनुकाताईंच्या मुलांना आवडला असता.

खारट_मनुका

ताई नाही, काका. पण तराफ्याचं बघतो.

बोस्टनची_बोरं

ऑक्टोबर २०२५ च्या वादळाचं काय? आमचं बुकिंग आहे, जावं की नाही?

टेक्सासचा_तात्या

मेलिसा. पाचव्या श्रेणीचं होतं, २८ ऑक्टोबरला नैऋत्येकडून धडकलं. सगळ्यात जास्त मार ब्लॅक रिव्हरला बसला, तेही जुनं बंदराचं गाव, तशीच लाकडी घरं होती तिथे. पश्चिम जमैकाने बरंच सोसलंय, फाल्मथच्या भागानेही. बुकिंग रद्द करू नका, पण वर सागरगोटांनी लिहिलेल्या इमारतींपैकी कुठली उघडी आहे, कुठलं छप्पर शाबूत आहे ते आधी विचारून घ्या. धागा वाचून जाल आणि तिथे ताडपत्री दिसेल. आणि गेलात तर पैसे गावात खर्च करा, धक्क्यावर नको.

सागरगोटा

तात्यांशी सहमत. एक राहिलं होतं. बुधवारी जहाज लागणार असेल तर गावकऱ्यांना आठवडी बाजाराची जागा विचारा. जमिनीवर चादरी अंथरून कपडे, भांडी, रताळी, काय वाट्टेल ते मांडलेलं असतं. लांबून लोक येतात, पर्यटक जवळजवळ नाहीत. जमैकी डॉलर जवळ ठेवा. अमेरिकन डॉलर धक्क्यावर चालतो, बाजारात चालला तरी सुट्टे जमैकीच येतील आणि भाव विक्रेत्याच्या मर्जीचा लागेल.